मीटरला एक सेंटिमीटर

सपाट गच्ची नावालाच सपाट. तिला ढाळ लागतो, मीटरला निदान एक सेंटिमीटर. म्हणजे पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडापासून आठ मीटरवरचा कोपरा तोंडापेक्षा आठ सेंटिमीटर उंच हवा. चौथीतलं गणित. पण गवंडी ते नजरेनं सोडवतो, मालक वर येऊन ‘छान गुळगुळीत झालंय’ म्हणतो आणि जूनमध्ये पाऊस येऊन पेपर तपासतो. पाऊस ग्रेस मार्क देत नाही.

नापास गच्ची ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही पाणी जागचं हललेलं नसेल, तर ते डबकं. त्याआधी सुकलं तर नुसती ओल. कोकणात जुलैमध्ये सलग ४८ कोरडे तास मिळणं कठीण, तिथे मे महिन्यातच बादल्या ओतून बघावं. उन्हाळ्यात डबकं नसलं तरी त्याची सही असते: मातीचं गोल कडं, मधोमध भेगाळलेला गाळ, वाळून काळं पडलेलं शेवाळ. डबक्यात फूटपट्टी उभी करा आणि खोली लिहून ठेवा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. दहा बाय दहा फुटांत तीन सेंटिमीटर साचलं तर पावणेतीनशे किलो. अंगापिंडानं भरलेले चार पाहुणे स्लॅबवर चार महिने मुक्कामाला, आणि जाताना आठवण म्हणून गंजलेली सळई ठेवून जाणारे.

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ ही म्हण ज्यानं काढली, त्याच्या घराला नक्की गच्ची असणार. त्यातला ‘कुठेतरी’ हा शब्द शास्त्रोक्त आहे. डबक्याच्या बरोबर खाली डाग पडेल अशी आशा धरू नका. पाणी कोब्याखालून, म्हणजे स्लॅबवरच्या विटा-सिमेंटच्या थराखालून, आडवं चालत जातं आणि सोयीची जागा बघून उतरतं: पंख्याचा हूक, विजेची नळी, तुळईचा सांधा. म्हणून छतावरच्या डागाच्या वर गच्ची फोडली की तिथलं काँक्रीट बहुधा ठणठणीत निघतं. फोडणाऱ्याची मजुरी मात्र द्यावीच लागते.

मग येतो पांढरा रंग. डबकं दिसलं की गच्चीला ‘केमिकल’ मारायचं, हा आपला राष्ट्रीय उपाय. रंगाची जाडी एखादा मिलिमीटर आणि खड्डा दोन सेंटिमीटरचा. पाण्याला फक्त बसायला नवी चादर मिळते. त्यातून अ‍ॅक्रिलिक लेप साचलेल्या पाण्याखाली मऊ पडतात आणि त्यांना फोड येतात. पाणी अडवण्याआधी ते घालवावं, हे मला अगदी उघड वाटतं. पण दहा वर्षांची गॅरंटी लेपाला मिळते, ढाळाला कोणी देत नाही.

उपाय स्वस्तापासून सुरू करावेत. आधी जाळी. चपटी जाळी बंद करायला बदामाचं एक पान पुरतं. घुमटासारखी उभी जाळी बसवा. पाइपात दोन बादल्या एकदम ओता. पाणी तोंडाशी परत आलं तर चूक ढाळाची नाही, खालच्या वाकणात अडकलेल्या चेंडूची.

नंतर तोंडाची उंची बघा. दर दुरुस्तीला कोब्यावर कोबा चढतो, तोंड चिंधी कोंबून सांभाळलं जातं आणि शेवटी त्याच्याभोवती आळं उरतं. किंवा उलट, तोंडच बेटासारखं वर राहतं. बेट असेल तर भोवतालचा फूटभर चौकोन फोडून तोंड दोन सेंटिमीटर खाली घ्या.

तोंडांची संख्याही मोजा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची पाइपाला साधारण ४० चौरस मीटर गच्ची झेपते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्या हिशेबानं दहा हजार लिटरचे जवळजवळ साडेनऊ टँकर. म्हणून गच्ची लहान असली तरी तोंडं दोन असावीत, आणि कठड्याला थोडं वर एक जादा पन्हाळ.

खड्डा सेंटिमीटरभराचा असेल तर त्याची कड कापून घ्या. निमुळती कड पापडासारखी उठते. आतली जागा टोचून खरखरीत करा, लेटेक्स (चिकटपणा वाढवणारं द्रव्य) मिसळलेला सिमेंट-वाळूचा एकास तीन माल भरा, आठवडाभर ओली पोती टाका.

सगळाच ढाळ चुकला असेल तर जुना कोबा काढा, त्यावर नवा चढवू नका. चार इंच विटांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात जातो. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या आणि खुणा भिंतीवर मारा, गवंड्याच्या स्मरणशक्तीवर नको. भिंत आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यात मालाची गोलाई, म्हणजे गोल वाटा, मारून घ्या. जिन्याच्या दाराचा उंबरठा तयार गच्चीपेक्षा उंच राहतो ना, हे माल कालवण्याआधी बघा.

खर्च कोणाचा, यावर सोसायटीच्या तीन सभा होतात. गच्चीतून गळून वरच्या मजल्याचं छत बिघडलं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं, असं आदर्श उपविधींत आहे. ते पान फक्त वरच्या मजल्यावाल्यांनी वाचलेलं असतं.

काम झालं की लगेच पैसे देऊ नका. लांबच्या कोपऱ्यात एक बादली ओता. पाणी पाइपाकडे धावलं तर हिशेब करा. जिन्याकडे धावलं तर गवंड्याला आधी चहा पाजा आणि मग छिन्नी हातात द्या.