नक्की किती जण?

मे महिना तोंडावर आला की ठाण्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न फिरू लागतो आणि जूनपर्यंत त्याला उत्तर मिळत नाही: नक्की किती जण? कोकणात जायचं असो, सोसायटीच्या हॉलमध्ये घराण्याचा मेळावा असो की गच्चीवर पॉटचं आइस्क्रीम असो, घोडं अडतं ते इथेच. उन्हावर पन्हं आहे, घामावर पंखा आहे, डोकी मोजण्यावर मात्र औषध नाही. ग्रुपवर विचारलं की पटापट अंगठे येतात. आता अंगठा म्हणजे 'येतोय', 'वाचलं' की 'कल्पना छान आहे, तुम्ही जाऊन या', हे खुद्द अंगठेबहाद्दरालाही ठाऊक नसतं.

खरं तर ठाणेकरांना हे जमायला हवं. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली, तीही ऐन उन्हाळ्यात, १६ एप्रिल १८५३ला, भर दुपारी. इंजिनं ३, डबे १४ आणि निमंत्रित सुमारे ४००. एवढी माणसं वेळेवर बसली याचं श्रेय सगळे इंग्रजांच्या शिस्तीला देतात. मला कारण वेगळं वाटतं. 'तुम्ही व्हा पुढे, आम्ही मागच्या गाडीने येतो' असं म्हणायला मागची गाडीच नव्हती.

आता आहे. कोकणकन्या आहे, मांडवी आहे, तुतारी आहे, सगळ्या ठाण्याला थांबतात, आणि सगळ्यांचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. प्रवासाचा दिवस यात धरायचा नाही. म्हणजे १० मेला निघायचं तर ११ मार्चला सकाळी आठच्या ठोक्याला लॉगइन करून, नावं-वयं आधीच साठवून, बोट उगारून बसायचं. ११ मार्चला घरात काय परिस्थिती असते? एकाची दहावी चालू, दुसऱ्याची रजा साहेबांच्या टेबलावर, आणि आत्याचं 'बघते, गुडघ्यावर आहे.' अशा वेळी आत्याला धरून तिकीट काढावं, हे माझं ठाम मत. काढलेलं तिकीट रद्द करता येतं. आयत्या वेळी बऱ्या झालेल्या गुडघ्याला बर्थ काढता येत नाही.

ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावं बसतात. अकरा जण म्हणजे दोन तिकिटं, आणि दोन तिकिटं म्हणजे दोन नशिबं: पहिलं कन्फर्म, दुसरं वेटिंग. इथे बहुतेक घरं चुकतात ती वाटणीत. एका तिकिटावर सगळी म्हातारी माणसं, दुसऱ्यावर सगळी तरणी, अशी टापटीप वाटणी केली की एक डबा खोकत जातो आणि दुसरा रात्री दोनपर्यंत अंताक्षरी खेळतो. प्रत्येक तिकीट आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे. त्यात बॅगा उचलणारा एक, मोबाइल चार्ज असलेला एक आणि खालच्या बर्थला पात्र असलेलं निदान एक माणूस हवं. खालच्या बर्थच्या प्राधान्यासाठी पुरुषांना साठी लागते, बायकांना पंचेचाळीस. तेव्हा वहिनींचं वय भरताना विचार करायचा. खरं टाकलं तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता, खोटं टाकलं तर घरात शांतता. पाच ते बारा वयाच्या मुलांना स्वतंत्र बर्थ घेतला तर भाडं पूर्ण, बर्थ नको असेल तर अर्धं. अर्ध्या भाड्याचं मूल कुणाच्या बर्थवर झोपणार हे आधी ठरवून ठेवावं, कारण ते नेहमी ज्याने हे पैसे वाचवले त्याच्याच बर्थवर आडवं होतं.

तारखेचंही बघा. कोकणकन्या ठाण्याहून रात्री बाराच्या आत पुढे जाते. तुतारी दादरहून सुटतेच मुळी बारा वाजून गेल्यावर. म्हणजे शनिवारी रात्री जेवून तुतारीने निघायचं असेल तर तिकीट रविवारचं हवं. शनिवारचं काढलंत, तर तुम्ही घरी शनिवारची भाजी निवडत असता तेव्हा गाडी सावंतवाडीला जाऊन पोचलेली असते.

पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ऑनलाइन तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. काका आपोआप रद्द होत नाहीत. ते बॅग भरून, मफलर गुंडाळून सोफ्यावर बसलेले असतात. मग आदल्या दिवशी तत्काळ: एसीसाठी सकाळी दहाला, बिगरएसीसाठी अकराला, एका तिकिटावर चारच माणसं, खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि कन्फर्म झाल्यावर रद्द केलं तर परतावा शून्य. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो कुणाच्या हातात आहे ते पावणेदहाला बघून ठेवावं. तो हमखास गेम खेळणाऱ्या नातवाकडे असतो, आणि नातू मेसेज आला की वर सरकवून टाकतो.

रेल्वे फसली की खोपट किंवा वंदनाचा एसटी स्टँड. एसटीत गर्दी असते, उकडतं, पण हिशेब मात्र बघण्यासारखा होतो. ७५ पार केलेले आजी-आजोबा फुकट, ६५ ते ७५मधले काका अर्धे, पाच ते बारातली मुलं अर्धी आणि मार्च २०२३पासून बाकी सगळ्या बायका अर्ध्या. पूर्ण तिकिटाचा माणूस शोधायला लागतो. तो म्हणजे जावई. आजोबा-काकांच्या सवलतीसाठी वयाचा पुरावा जवळ लागतो, म्हणून आधार कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवायचं. ते बॅगेत, बॅग बसच्या डिकीत आणि कंडक्टर समोर, असा क्रम लागला की आजोबा एका क्षणात पन्नाशीचे होतात. चाळीस-पंचेचाळीस माणसं असतील तर 'प्रासंगिक करारा'वर आख्खी एसटी भाड्याने मिळते. मोहाचा क्षण आहे, पण आवरा. चाळीस जण हो म्हणतात, तेव्हा अठ्ठावीस येतात आणि भाडं गाडीचं असतं, माणसांचं नाही.

म्हणून शेवटी टेम्पो ट्रॅव्हलर. १७ सीटरमध्ये १७ माणसं बसतात हे खरं, पण मग सामान येत नाही. आणि कोकणातून परतताना सामान म्हणजे आंब्याच्या पेट्या, फणस, कोकमं आणि कुणीतरी प्रेमाने दिलेला शहाळ्यांचा घड. १७ सीटर ही १४ माणसांची गाडी समजावी. मागची रांग सामानाला, त्यात फणस खाली. वर ठेवलेला फणस पेणपासून वळणागणिक एकेका प्रवाशाची चौकशी करत पुढे सरकतो. गाडी लागणाऱ्यांना पुढे, चाकांच्या मागे कुणालाच नाही, पिशव्या प्रत्येक रांगेत दोन. पहाटे पाचला निघायचं असेल तर ग्रुपवर चार लिहावी. साडेपाचला ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रोडला लागलं तर पळस्प्यापर्यंत रस्ता मोकळा मिळतो. सात वाजले की इंदापूर-माणगावच्या रांगेत उभं राहून डबे उघडायचे, आणि मग महाडला पोचेपर्यंत दुपारचे डबेही संपलेले.

गावी पोचल्यावर प्रश्न सुटेल असं वाटतं. पत्ते काढले की तो परत उभा राहतो. मेंढीकोटाला चार लागतात, ५२ पानं, प्रत्येकी १३. सहा जण असतील तर चारही दुऱ्या काढायच्या, ४८ उरतात, प्रत्येकी ८ येतात, झकास डाव होतो. पाच जण बसले की मेंढीकोट संपला. बदाम सात घ्यावं, त्यात दोघांना एकेक पान जास्त जातं आणि ते दोघं शेवटपर्यंत त्याचं दुःख करतात. कॅटातलं एक पान हरवलेलं असतंच. त्याच्या जागी जोकर घेतात. तो कोऱ्या पाठीमुळे ओसरीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतो, आणि हरवलेली बहुधा चौकटची दश्शी असते.

परत आल्यावर मेळावा. सोसायटीचा हॉल, सेक्रेटरीच्या नावे अर्ज, अनामत रक्कम, रात्री दहानंतर स्पीकर बंद. हे सोपं. अवघड आहे ती वंशावळ. आठ बाय चारच्या फ्लेक्सवर सहा पिढ्या बसतात, पण नावं किमान बोटभर उंचीची हवीत, नाहीतर ज्यांच्यासाठी लावला ते चष्मा विसरलेले असतात. छापायला द्यायच्या आधी मसुदा सत्तरीपुढच्या दोघांना दाखवावा, आणि वेगवेगळा दाखवावा. एकत्र दाखवला की पणजोबांना भाऊ चार की पाच यावर बैठक लांबते. जिवंतांचा आकडा लागत नव्हता. इथे गेलेल्यांचाही लागत नाही. मुलींची नावं माहेरची लिहायची की सासरची, याचं उत्तर एकच: दोन्ही. फ्लेक्सवाला चौरस फुटाने पैसे घेतो, नावावर नाही.

जेवणात आमरस-पुरी. मध्यम हापूस अडीचशे ग्रॅमचा, त्यातून दीडशेच्या आसपास रस निघतो, माणशी दोन आंबे पुरतात. २५ माणसांना चार डझन आणि वर दोन लागतात, पाच डझन आणावेत. पुऱ्या माणशी सात-आठ. एक किलो कणकेच्या साठेक होतात. गणित इथवर सरळ आहे. आंब्यांना ते माहीत नसतं. पेटीतले सगळे रविवारी सकाळी पिकत नाहीत. म्हणून वाशीच्या बाजारातून कडक पेटी आठवडाभर आधी आणायची, पेंढ्यात एक थर मांडायचा, रोज सकाळी हात फिरवून पिकलेले बाजूला काढून फ्रिजमध्ये टाकायचे. कच्चे फ्रिजमध्ये टाकले तर पिकणं खुंटतं आणि साल सुरकुतते. पहारा लागतो तो पिकलेल्यांवर. रोज सकाळी दोन कमी भरतात, आणि सगळ्यांना त्या दिवशी मधुमेह असतो.

पॉटचं आइस्क्रीम हा मात्र माझ्या मते उन्हाळ्यातला एकमेव उद्योग, जिथे माणसं जास्त झाली तरी चालतात. लाकडी बादली, आत धातूचा डबा, डब्यात पंखा, वर दांडा. भाड्याने मिळतो. पाच लिटरच्या डब्यात साडेतीन लिटरपेक्षा जास्त भरू नये, कारण फिरताना हवा शिरून मिश्रण फुगतं आणि झाकण उचलतं. दूध साखर घालून आदल्या रात्री आटवायचं, फ्रिजमध्ये पूर्ण गार करायचं आणि मग लिटरला चार-पाच हापूसचा रस. गरम दुधात रस घातला तर ते फाटतं, आणि फाटलेल्या दुधाला 'मँगो कलाकंद' म्हणणारं कुणीतरी घरात असतंच.

बर्फ आठ ते दहा किलो, खडे मीठ दोन ते अडीच किलो. मीठ कशाला, हा प्रश्न दरवर्षी एक तरी मूल विचारतं आणि चार मोठी माणसं चार उत्तरं देतात. साधा बर्फ वितळतो ते शून्य अंशावर. साखर घातलेलं दूध गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं. नुसत्या बर्फात ते गार होतं, घट्ट होत नाही. मीठ पडलं की बर्फ शून्याखाली वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढतो. मीठ कमी पडलं तर तासभर हात फिरवून मिल्कशेक मिळतो. जास्त पडलं तर डब्याच्या कडेला दगड, मध्ये पाणी, आणि पंखा अडकतो. बर्फ खाण्याचाच आणावा. निळसर बर्फ मासळीसाठी असतो. तो डब्याला बाहेरून लागला तर बिघडत नाही, पण मुलं चोखायला पळवतात तो बाहेरचाच. लादी गोणपाटात घालून बॅटने फोडायची, सुपारीएवढे तुकडे. बादलीत चार बोटं बर्फ, वर मूठभर मीठ, परत बर्फ, असे थर. बादलीच्या कडेला भोक असतं ते मोकळं ठेवायचं. तिथे बर्फ अडकला की खारं पाणी झाकणापर्यंत चढतं आणि अर्ध्या तासाच्या मेहनतीला समुद्राची चव येते. निघालेलं पाणी तुळशीत ओतू नये, ती पाप-पुण्याच्या आधी मिठाने मरते.

पहिली दहा मिनिटं मुलं फिरवतात, हौसेने. पुढची दहा मोठी माणसं, इज्जतीने. दांडा जड होऊ लागला की सगळ्यांना फोन येतात. हात फिरेनासा झाला की पंखा काढायचा (तो चाटायला कुणाला, ते आधीच ठरवा), झाकण बसवायचं, बादलीत नवा बर्फ-मीठ घालून गोणपाट टाकून तासभर ठेवायचं.

आणि वर्गणी त्याआधी, दांडा फिरत असतानाच गोळा करावी. टेम्पो, हॉल, आंबे, पॉट, सगळं एकत्र. मोठ्यांचा एक वाटा, बारापर्यंतच्या मुलांचा अर्धा, पाचच्या आतल्यांचा शून्य. 'आलो पण जेवलो नाही', 'जेवलो पण मला घसा आहे' अशा अर्जांना त्या वेळी कुणी ऐकत नाही. सगळे गच्चीवर असतात, खाली जायचा जिना पॉटच्या मागे असतो. क्यूआर कोड बादलीला चिकटवून ठेवावा, लाकडावर ओल येते म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून. एकदा झाकण उघडलं की लोकांच्या हातात वाटी असते, मोबाइल नसतो.