बेळगावच्या पावसात सोलर खरंच फुकट जातं का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोबाईलवर एक मजकूर फिरतोय: "आपल्याकडं चार महिने पाऊस, सोलर घालून काय उपयोग? लाईट गेली की तेही बंद. पॅनल पाच वर्षांत भंगार. आणि ई-स्कूटर शेवटी कोळशावरच धावते." यातली लाईटची गोष्ट खरी आहे, म्हणून बाकीच्याही खपतात.

आधी पाऊस. जुलैच्या झडीत १ किलोवॅटचा संच दिवसाला दीड-दोन युनिटांवर येतो, हे मान्य. मार्च-एप्रिलमध्ये तोच पाचाच्या आसपास देतो. वर्षाची सरासरी चाराच्या जवळ, म्हणजे ३ किलोवॅटला वर्षाकाठी ४,००० युनिटं. शिवाय पॅनल २५ अंशांपेक्षा जास्त तापला की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, त्यामुळे इथली थंड हवा फायद्याचीच. संच खरा मार खातो सावलीनं. पाण्याच्या टाकीची किंवा नारळाची सावली एका पॅनलवर पडली, तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांची वीज घसरू शकते. तोंड दक्षिणेला, कल सुमारे १५ अंश, आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली नको. वळवाच्या विजा लक्षात घेऊन अर्थिंग वेगळं हवं.

लाईट गेली की बिनबॅटरीचा संच बंद पडतो, तो मुद्दाम तसा केलेला असतो. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. लाईट नसतानाही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि बाहेरची लाईट तिन्हींवर चालणारा) आणि बॅटरी घ्या. दिवे, पंखे, फ्रीज एवढ्याचंच वायरिंग वेगळं काढा. शहापूर-वडगावच्या यंत्रमागवाल्यांनी विशेष जपावं: मोटर सुरू होताना नेहमीच्या कैकपट करंट ओढते, लहान संच तिथंच ट्रिप होतो.

पाच वर्षांत भंगार? चांगल्या पॅनलला वीजनिर्मितीची हमी २५ वर्षांची असते. आधी बिघडतो तो इन्व्हर्टर. तो उन्हापावसात न लावता सावलीतल्या भिंतीवर लावा.

स्कूटरचा हिशेब सोपा आहे. १०० किलोमीटरला सुमारे ३ युनिटं लागतात. देशातल्या ग्रिडची वीज युनिटामागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे दोन-सव्वादोन किलो. पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतराला दोन लिटर पिते आणि साडेचार किलोंहून जास्त सोडते. गच्चीवरच्या विजेवर दुपारी चार्ज केली तर कोळशाचा प्रश्नच उरत नाही.

खरी अडचण या मजकुरात आलेलीच नाही. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांना सोलरमधून आज पैसे वाचणार नाहीत. महिन्याला २०० युनिटांच्या वर जाणाऱ्या घराला मात्र पूर्ण बिल भरावं लागतं. त्यांनी आधी बारा महिन्यांची बिलं काढावीत, मग गच्ची मोजावी: १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे.