क्षमेचा भाव दहा टक्के

लग्नाच्या पंगतीत कसे बसावे, मयताला कसे उभे राहावे आणि पाहुण्याने निरोप घेतल्यावर त्याला फाटकापर्यंत किती वेळ सोडावे, हे सारे वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्याला शिकवले. एखाद्या मोठ्या दुकानातून आपल्या कार्डाची माहिती चोरीला गेल्याचे कळल्यावर सभ्य ग्राहकाने कसे वागावे, हे मात्र त्यांनी शिकवले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या काळी इतवारीतल्या किराणा दुकानदाराकडे आपल्याविषयी जी माहिती असे ती उधारीच्या लाल वहीत असे, आणि ती वही पळवून न्यावी असे वाटलेच तर ते फक्त आपल्यालाच वाटे. आता काळ बदलला आहे, म्हणून नागपुरातल्या सुज्ञ ग्राहकांसाठी हे चार शब्द.

या विषयात आपण अमेरिकेला गुरुस्थानी मानावे. तिथल्या टार्गेट नावाच्या बलाढ्य दुकानसाखळीत २०१३ साली २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात, म्हणजे नाताळच्या खरेदीचा हंगाम भरात असताना, सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरांनी उचलली. पुढे असेही उघड झाले की जवळपास ७ कोटी लोकांची नावे, पत्ते, फोन नंबर असा ऐवजही गेला होता. चोरीची रीत मोठी सुबक होती. गल्ल्याच्या मशीनमध्ये कार्ड ओढले की त्याच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती क्षणभर त्या मशीनच्या स्मृतीत उघडीवाघडी असते. चोरांनी आत सोडलेला प्रोग्राम नेमका तो क्षण साधत होता. ग्राहकाला पावती मिळत होती, दुकानाला पैसे मिळत होते आणि चोराला माहिती मिळत होती. एका व्यवहारात तिघे संतुष्ट झाल्याचे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

अशी बातमी कानावर आली की पहिला संशय गल्ल्यावरच्या मुलावर घ्यावा. दिवसभर उभे राहून ज्याचे पाय सुजलेले असतात आणि ज्याला दुकानाचा मुख्य संगणक कुठल्या शहरात आहे हेही ठाऊक नसते, त्याच्याकडे रोखून पाहिल्याने आपण सावध असल्याचे समाधान फुकटात मिळते. टार्गेटमध्ये चोर ज्या दाराने शिरले ते दार मात्र गल्ल्यापाशी नव्हतेच. दुकानांच्या वातानुकूलनाचे आणि शीतयंत्रणेचे काम पाहणाऱ्या एका कंत्राटदाराला टार्गेटच्या संगणकजाळ्यात शिरण्याची मुभा होती. चोरांनी त्याचा पासवर्ड पळवला आणि त्या गारव्याच्या वाटेने ते आत गेले. नागपूरकराला यातला मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला, घरचा कुलर नुसता दमट वारा फेकू लागला, की आपण तरी वर्धा रोडवरच्या मोठ्या दुकानात डाळ-तांदूळ घ्यायला म्हणून का जातो? एसीसाठीच जातो. चोरही तिथूनच आले, एवढाच काय तो योगायोग.

त्याच मे महिन्यातल्या एका रविवारी मी अशाच एका दुकानाच्या बिलिंगच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. ट्रॉलीत तूरडाळ, फिनेल आणि नातवासाठी घेतलेला प्लास्टिकचा डायनासोर. मुलाने विचारले, "काका, मोबाईल नंबर?" काकांनी दहा आकडे, शाळेत पाढे म्हणावेत तसे, खणखणीत आवाजात म्हणून दाखवले. "यावर पॉइंट नाही दिसत, काका." "मग काकूंचा घे नं." काकूंचाही नंबर झाला. मग कार्ड पुढे आले, मशीन पुढे आले, आणि चष्मा घरी राहिल्याचे लक्षात आले. काका म्हणाले, "तूच टाक बाबू, एक नऊ पाच आठ." मागे आम्ही सात जण उभे होतो. आमच्यापैकी एकाच्याही मनात पाप आले नाही. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात त्यांचे वय मोजले आणि त्या मानाने काका बरेच टुणटुणीत आहेत, असे ठरवले.

अशा ग्राहकाच्या घरी चोराने एवढी खटपट करून, गारव्याच्या वाटेने यावे तरी कशाला, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. पण शिष्टाचार असा की स्वतः रांगेत ओरडून सांगितलेल्या माहितीबद्दल कधी हळहळू नये. हळहळ आणि संताप हे दोन्ही, कंपनीने हरवलेल्या माहितीसाठी राखून ठेवावेत.

संतापाचीही एक दिशा असते आणि ती चुकवणे हे जाणत्या ग्राहकाचे लक्षण आहे. टार्गेटची चोरी १९ डिसेंबर २०१३ रोजी जाहीर झाली आणि दोनच दिवसांनी, नाताळपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी, जेपी मॉर्गन चेस या बँकेने तिथे वापरल्या गेलेल्या आपल्या डेबिट कार्डांवर मर्यादा घातली: दिवसाला १०० डॉलर रोख आणि ३०० डॉलरची खरेदी. खात्यातले पैसे वाचावेत म्हणून उचललेले हे पाऊल ऐन खरेदीच्या दिवशी पडले. ज्याने किल्ली हरवली त्याच्याविषयी मवाळ राहावे आणि ज्याने कुलूप बदलले त्याला शिव्या घालाव्यात, हा नियम आपणही पाळत आलो आहोत. २०१६ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, आपल्या देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे जाहीर झाले आणि एकट्या स्टेट बँकेने जवळपास ६ लाख कार्डे बंद केली. अशा वेळी ज्याचे कार्ड एटीएमने नाकारले त्याने मागच्या माणसाकडे वळून, बँकेला आपल्यासारख्या जुन्या खातेदाराची काही कदरच उरली नाही, असे म्हणावे. चोराचा उल्लेख टाळावा. तो तिथे हजर नसतो, आणि गैरहजर माणसाविषयी वाईट बोलू नये.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, बनावट कार्डांच्या साहाय्याने देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढून आणि वर थोडे परदेशी वळते करून कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. ती बँक पुण्याची असल्यामुळे आपल्याला फारसे वाईट वाटून घेण्याचे कारण नव्हते.

यानंतर बहिष्काराची घोषणा येते. ती सकाळी अंबाझरीच्या फेरीनंतर तर्री-पोह्यांच्या टपरीवर, चार माणसांत आणि शक्यतो तोंडातला घास संपवून करावी: "त्या दुकानाची पायरी आता चढणार नाही." यावर कुणीतरी, "आपल्या खात्यात आहेच काय बाप्पा चोरण्यासारखे," असे म्हणतोच, त्यावर सगळ्यांनी हसावे, कारण ज्याची मुदत ठेव सर्वांत मोठी असते तोच हे म्हणत असतो. बहिष्कार नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यासारखा असावा. बडग्या कसा, वाजतगाजत निघतो, त्याच्या गळ्यात वर्षभराचा राग अडकवलेला असतो, "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते आणि संध्याकाळपर्यंत त्याची राख होऊन गाव मोकळे होते. दुसऱ्या दिवशी कुणी बडग्याची चौकशी करत नाही.

बहिष्कार किती दिवस टिकवावा, याचे उत्तरही टार्गेटने देऊन ठेवले आहे. चोरी जाहीर झाल्यावर त्याच आठवड्याच्या शेवटी, २१ आणि २२ डिसेंबरला, कंपनीने सर्व ग्राहकांना खरेदीवर १० टक्के सूट दिली. ज्याची माहिती गेली त्यालाही सूट आणि ज्याची गेली नाही त्यालाही सूट; दुःखात असा भेदभाव न करणारा यजमान आपल्याला नात्यातही सापडत नाही. ही सूट घेण्यासाठी ज्या गल्ल्यावर घात झाला त्याच गल्ल्यावर पुन्हा यायचे होते. शिवाय आपल्या नावावर कुणी परस्पर कर्ज तर काढत नाही ना, यावर वर्षभर फुकट नजर ठेवण्याची सोय देऊ केली होती. अर्थात त्यासाठी आपले नाव-गाव पुन्हा एकदा नव्याने कुठेतरी भरून द्यायचे. चोराने एक वर्ष आणि एक दिवस थांबायचे ठरवल्यास काय, असा प्रश्न विचारणे आगाऊपणाचे ठरेल.

काही ग्राहक एवढ्यावर पाघळले नाहीत, हे इथे खेदाने नमूद करतो. त्या तिमाहीत टार्गेटचा नफा आदल्या वर्षीच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी खाली आला, मे २०१४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि २०१७ साली ४७ राज्यांशी १ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. ४ कोटी कार्डांनी भागल्यास कार्डामागे अर्धा डॉलरही पडत नाही, हे पाहून जरा बरे वाटते.

आता बँकेकडून आलेल्या सूचनेचे काय करावे, हा नाजूक भाग. बँकेने खरोखर पाठवलेला "आपण हा व्यवहार केला आहे का" असा एसएमएस न वाचता पुसून टाकावा, कारण हल्ली फसवणूक फार वाढली आहे. त्याच दुपारी अनोळखी नंबरवरून आलेला फोन मात्र अवश्य उचलावा. पलीकडचा माणूस आपल्याला "सर" म्हणतो, आपल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे त्याला ठाऊक असतात, आणि पोटच्या मुलालाही आपल्याशी बोलायला वेळ नसताना तो वीस मिनिटे सौजन्याने बोलतो. त्याने ओटीपी मागितल्यावर नाही म्हणणे आपल्या संस्कारांत बसत नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात या बाबतीत एक अरसिक व्यवस्था करून ठेवली होती. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठल्यातरी यंत्रणेची आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाच्या अंगाला एका रुपयाची तोशीस लागणार नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक रकमेपर्यंत भुर्दंड. आणि पिन-ओटीपी ग्राहकानेच वाटला असेल तर तक्रार करेपर्यंतचा सारा तोटा त्याचा. तीन दिवस ही मुदत ज्याने ठरवली त्याला नागपुरी माणसाची ओळख नसावी. पहिला दिवस "होते असे कधीकधी" म्हणण्यात जातो, दुसरा दिवस बँकेत ओळखीचे कोण आहे ते आठवण्यात, आणि तिसऱ्या दिवशी ती ओळखीची व्यक्ती बदली होऊन गोंदियाला गेल्याचे कळते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरावर लगेच फोन लावला तर गेलेली रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, असे सांगतात. पण लगेच फोन लावणे घाबरटपणाचे दिसते.

दुकानांनी आपली कार्डे साठवूच नयेत, असेही रिझर्व्ह बँकेने ठरवले आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून खऱ्या कार्ड-क्रमांकाच्या जागी टोकन नावाचा सांकेतिक क्रमांक ठेवण्याची पद्धत लागू झाली. दुकान लुटले तरी चोराच्या हाती दुसरीकडे न चालणारे आकडेच लागावेत, हा त्यामागचा बेत. आपण त्यावर "पुन्हा सगळे आकडे कोण टाकत बसणार" अशी रास्त कुरकुर केली आणि लगोलग तोडगाही काढला. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, म्हणजे पुण्यातल्या मुलीला आणि ग्रुपमधून कधीच न काढलेल्या तिच्या जुन्या रूममेटलाही अडचण नको.

एवढे सगळे करूनही बँकेने आपले कार्ड बंद करून नवे पाठवलेच, तर खचून जाऊ नये. नव्या कार्डाचा आकडा वेगळा असतो, मुदत वेगळी असते. त्याला आपला काही इलाज नाही. पिन मात्र जुनाच ठेवावा. बिलिंगवरच्या त्या मुलाला तो आता पाठ झाला आहे, आणि एवढ्या रांगेत त्याला पुन्हा नवा पाठ करायला लावणे बरे दिसत नाही.