सुषमा स्वराज खरंच फक्त ‘ट्विटर मंत्री’ होत्या?

२०१४ ते २०१९ या काळात परराष्ट्रमंत्री असलेल्या सुषमा स्वराज यांचं नाव निघालं की एक दावा हमखास फिरू लागतो. वकिली नावापुरती, पद पक्षाच्या मेहेरबानीने, परराष्ट्र धोरण पंतप्रधान कार्यालयातून चालायचं आणि बाई पाच वर्षं ट्विटरवर पासपोर्टच्या तक्रारी सोडवत बसल्या. यातला एक भाग अर्धा खरा आहे. त्याच्या आडोशाने बाकीचे खपून जातात.

वकिलीचं आधी. १९७३ पासून त्या सर्वोच्च न्यायालयात वकिली करत होत्या. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात, म्हणजे सरकारविरोधात स्फोटांचा कट रचल्याच्या आरोपात, समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांचा बचाव करणाऱ्या वकिलांत त्या आणि पती स्वराज कौशल दोघेही होते. त्या दिवसांत असं वकीलपत्र घेणं म्हणजे पोलिसांच्या नजरेत भरणं. पुढे राजकारणामुळे वकिली मागे पडली हे खरं, पण म्हणून ती नावापुरती ठरत नाही.

मेहेरबानीची गोष्ट तर तारखांनीच निकालात निघते. १९७७ साली पंचविसाव्या वर्षी त्या हरियाणात देवीलाल यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाल्या. तेव्हा भाजपचा जन्मही झाला नव्हता. नंतर कर्नालमधून लोकसभेला तीनदा पडल्या. १९९९ मध्ये बेळ्ळारीत सोनिया गांधींविरुद्ध कन्नडमधून भाषणं ठोकली आणि ५६ हजारांच्या फरकाने हरल्या.

आता तो अर्धसत्य भाग. अमेरिका, चीनसारख्या देशांशी मोठी बोलणी मोदी आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवाल यांच्याकडे होती, यात वाद नाही. (इंदिरा गांधींनी तर पंतप्रधान असताना परराष्ट्र खातं दोनदा स्वतःकडेच ठेवलं होतं. स्वराज यांना ‘पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री’ म्हणणारे चाहते हे विसरतात.) पण बांगलादेश सीमा कराराचं काय? १९७४ चा करार संसदेच्या मंजुरीविना पडून होता. २०१३ मध्ये काँग्रेस सरकारने विधेयक आणलं तेव्हा विरोधात खुद्द भाजप होता. स्वराज यांनी पहिला स्वतंत्र परदेश दौरा ढाक्याचा केला आणि मे २०१५ मध्ये घटनादुरुस्ती मांडून दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर करून घेतली. आसाममधल्या स्वपक्षीयांना राज्याचा भाग त्यातून वगळायला हवा होता, तो वगळला गेला नाही. त्यानंतर १६२ छिटमहालांची, म्हणजे शेजारी देशाच्या हद्दीत अडकलेल्या जमिनीच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली आणि तिथल्या माणसांना अखेर एक देश मिळाला. हे काम ट्विटरवर होत नाही.

आणि परदेशात अडकलेल्या नागरिकाला सोडवणं हे हलकं काम, असं कोणी ठरवलं? पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलेले माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांचं प्रकरण बघा. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली. पाकिस्तानसोबतच्या वादात तिसऱ्याला मधे घ्यायचं नाही, ही दिल्लीची जुनी सवय. १९९९ मध्ये पाडलेल्या विमानावरून पाकिस्तानने आपल्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, तेव्हा ‘या न्यायालयाला अधिकारच नाही’ असा युक्तिवाद आपणच केला होता. तरी मे महिन्यात भारत त्याच दारात गेला. आधार घेतला व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाचा : अटकेतल्या परकीय नागरिकाला त्याच्या देशाचे अधिकारी भेटू शकले पाहिजेत. दहा दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. आपल्या नागपूरच्या हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली, हे स्वराज यांनीच ट्विटरवरून सांगितलं होतं. जुलै २०१९ च्या निकालात सुटका मिळाली नाही, शिक्षाही रद्द झाली नाही. पण पाकिस्तानने करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करावा, असं न्यायालयाने ठरवलं.

मधल्या काळात, डिसेंबर २०१७ मध्ये, जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या. तिथे दोघींची मंगळसूत्रं काढायला लावली आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही. स्वराज यांनी त्यावर संसदेत केलेलं निवेदन कोणीही काढून वाचावं. तपशिलामागून तपशील, एखाद्या वकिलाने फिर्याद मांडावी तसे.

टीका करायला जागा नाही असं नाही. इराकमध्ये मोसुलजवळ पळवलेले ३९ भारतीय मारले गेले, असं त्यांतून निसटलेला तरुण सुरुवातीपासून सांगत होता. मंत्री मात्र पुराव्याशिवाय कोणालाही मृत घोषित करणार नाही, यावर वर्षानुवर्षं अडून राहिल्या. मार्च २०१८ मध्ये त्यांनी राज्यसभेत मृत्यूंची घोषणा केली आणि कुटुंबांना ती बातमी टीव्हीवरून कळली. अधिवेशन चालू असताना आधी सभागृहाला सांगणं बंधनकारक होतं, हे त्यांचं उत्तर कायद्याला धरून असेल. घरोघरी आधी एक फोन जायला हवा होता, हा आक्षेप मात्र त्याने मिटत नाही.