‘दर सात वर्षांनी नवं शरीर’? पेशींना असलं वेळापत्रक ठाऊक नाही

फिरत असलेला मजकूर थोडक्यात असा : शरीरातली प्रत्येक पेशी दर सात वर्षांनी बदलते, जुनी पेशी आधी विश्रांती घेते, मग दुभंगून ताजी होते, म्हणून विभाजन जितकं जलद तितकी तब्येत चांगली. तिन्ही विधानं चुकीची आहेत. शेवटचं तर धोकादायकही आहे.

आधी ‘प्रत्येक पेशी’. लहान आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकतात, चरबीच्या पेशी वर्षाला साधारण १० टक्के बदलतात. हृदयाच्या स्नायुपेशींचं प्रमाण पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्के, म्हणजे आयुष्यभरात निम्म्याही बदलत नाहीत. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी तर माणसाच्याच वयाच्या असतात.

हे मोजलं कसं? १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळपास दुप्पट झालं आणि पुढे सतत घटत गेलं. हवेतला हा कार्बन वनस्पतींतून, अन्नावाटे आपल्या शरीरात येतो. पेशीतली बाकीची द्रव्यं बदलत राहतात, पण डीएनएमध्ये कार्बन मुख्यतः त्याची प्रत बनताना शिरतो आणि तिथेच राहतो. त्यामुळे डीएनएमधलं कार्बन-१४ मोजलं की ती पेशी कोणत्या सुमारास जन्मली ते कळतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये हीच पद्धत मानवी ऊतींवर वापरली. सरासरी काढून सात वर्षांचा बचाव करायला जावं, तर तेही जमत नाही : संख्येने पाहिलं तर शरीरातल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशी तांबड्या रक्तपेशीच आहेत, आणि त्या चार महिन्यांच्या पाहुण्या!

‘दुभंगून ताजी होते’ यात तर हिशेबाचीच चूक आहे. विभाजनानंतर एकीच्या दोन पेशी होतात. जुनी जाऊन नवी येत नाही. बदल घडायचा तर कुठलीतरी पेशी मरावी लागते, आणि तिची जागा भरणारी बहुधा दुसऱ्याच पेशीची लेक असते. तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, ती विभाजित होणार कशी? अस्थिमज्जेतल्या मूलपेशींच्या वंशातून सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी येतात. त्वचेतही विभाजन तळाच्या थरात होतं. वर दिसतात त्या मेलेल्या, चपट्या पेशी.

आता ‘विश्रांती’. हा गैरसमज पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांनीही पोसला आहे, कारण दोन विभाजनांच्या मधल्या काळात सूक्ष्मदर्शकातून फारसं काही दिसत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचं चक्र २४ तासांचं धरलं, तर ढोबळमानाने जी-१ ला (वाढ) ११ तास, एस ला (डीएनएची प्रत) ८, जी-२ ला (विभाजनाची तयारी) ४ आणि प्रत्यक्ष विभाजनाला, म्हणजे एम ला, जेमतेम १ तास लागतो. एस टप्प्यात डीएनएच्या ६०० कोटींहून अधिक बेस-जोड्यांची, म्हणजे त्याच्या ‘अक्षरांची’, प्रत निघते. प्रत काढणाऱ्या यंत्रणेचा वेग सेकंदाला पन्नासेक बेसचा. एकाच जागेवरून सुरुवात केली तर सर्वांत लांब गुणसूत्रालाच महिना लागेल. म्हणून हजारो ठिकाणांहून काम एकदम चालतं. (एस नंतर डीएनए दुप्पट होतो, पण गुणसूत्रं ४६ च राहतात, कारण दोन्ही प्रती अजून जोडलेल्या असतात; परीक्षेत इथेच गुण जातात.) खरी विश्रांती म्हणायची तर जी-०, म्हणजे चक्राबाहेर थांबलेली अवस्था. यकृताच्या पेशी एरवी तिथेच असतात. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तर त्या चक्रात परततात, सात-दहा दिवसांत वस्तुमान भरून काढतात आणि थांबतात.

उरलं ‘जलद तितकं चांगलं’. जी-१ मध्ये वाढीचा संकेत मिळाला की सायक्लिन-डी आणि सीडीके-४/६ ही प्रथिनं मिळून चक्र रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाची पकड सैल करतात, तेव्हा एस ची वाट खुलते. डीएनए तुटलेला असेल तर पी-५३ हे प्रथिन चक्र अडवतं. पुढे विभाजनाच्या मध्यावस्थेत (गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात तेव्हा) एक जरी गुणसूत्र पेशीच्या दोन्ही ध्रुवांकडून आलेल्या तुर्कतंतूंना, म्हणजे ओढणाऱ्या धाग्यांना, नीट जोडलेलं नसेल, तरी पश्चावस्था, म्हणजे प्रती वेगळ्या ओढण्याचा टप्पा, रोखून धरली जाते. हा पहारा चुकला तर एका पेशीत ४७ गुणसूत्रं जातात आणि दुसरीत ४५. पेशीचा काही वेळ या तपासण्यांतही जातो. त्या वगळून मिळणाऱ्या वेगाला आरोग्य म्हणत नाहीत : अनेक कर्करोगांत पी-५३ किंवा आरबी हेच निकामी झालेले असतात.

स्तनाच्या काही कर्करोगांत पाल्बोसिक्लिब हे औषध दिलं जातं, ते सीडीके-४/६ रोखून विभाजन मंदावण्यासाठीच. पण अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींनाही तोच दरवाजा ओलांडावा लागतो. म्हणून हे औषध सुरू असताना पांढऱ्या पेशी ठरावीक अंतराने मोजतात, आणि फार घसरल्या तर मात्रा काही काळ थांबवतात किंवा कमी करतात.