परार्धावर शून्यं किती?

गेले काही महिने एक संदेश फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आधी मामांनी टाकला, मग आतेभावाने, आणि परवा सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासकट पुन्हा आला. त्याचा सारांश असा: पाश्चात्त्यांना हजाराच्या पुढे मोजता येत नव्हतं तेव्हा आपल्याकडे परार्धापर्यंत नावं होती, त्यातल्या एकाही नावाची किंमत वेदकाळापासून आजवर ढळलेली नाही, मिलियन-बिलियन ही नंतरची नक्कल असून ती जगभर एकसारखी चालते, आणि लाख-कोटी हा वारसा आता फक्त भारतात उरलाय.

परार्धापर्यंत नावं होती, हे खरं. शुक्ल यजुर्वेदात ती ओळीने येतात. बाकीच्याचं काय ते बघू.

‘एकाही नावाची किंमत ढळलेली नाही.’ मामा, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळा संदेश याच वाक्यावर उभा आहे. यजुर्वेदातला क्रम असा: एक, दश, शत, सहस्र, अयुत, नियुत, प्रयुत, अर्बुद, न्यर्बुद, समुद्र, मध्य, अंत, परार्ध. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. बोटांवर मोजा, परार्धावर बारा शून्यं येतात. आता भास्कराचार्यांची ‘लीलावती’ उघडा, साल ११५०. तिथला क्रम: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. पुन्हा मोजा. सतरा शून्यं. शब्द तोच, पण एकाचा परार्ध दुसऱ्याच्या लाखपट. शिवाय वेदात ‘मध्य’ आधी आणि ‘अंत’ नंतर, तर भास्कराचार्यांकडे आधी अंत्य येतं आणि मग मध्य!

अर्बुदाची कथा तर आणखी मजेची. वेदात त्यावर सात शून्यं, म्हणजे आपला आजचा कोटी. आर्यभट आणि भास्कराचार्य आठ शून्यं देतात. त्याच अर्बुदाचा हिंदीत ‘अरब’ झाला आणि शून्यं नऊ झाली. नऊ शून्यांच्या घराला यजुर्वेद ‘समुद्र’ म्हणतो, आर्यभट ‘वृंद’ म्हणतो, भास्कराचार्य ‘अब्ज’ म्हणतात. खर्व भास्कराचार्यांकडे दहा शून्यांचा आणि हिंदीतला खरब अकरा शून्यांचा. यात कुणी चुकलं असं मी म्हणत नाही. दहाच्या पटीत अखंड चढत जाणारी शिडी हीच मोठी गोष्ट होती. पायऱ्यांवरच्या पाट्या मात्र प्रत्येकाने आपापल्या लावल्या.

हेच शब्द समुद्रापार गेले तेव्हा तर त्यांनी पार वेश पालटला. इंडोनेशियात आज बाजारातले भाव ‘जुता’मध्ये सांगतात. मूळ शब्द आपला अयुत, म्हणजे दहा हजार, पण तिथे जुता म्हणजे दहा लाख. मलय भाषेतल्या जुन्या मोजणीत ‘लक्सा’ म्हणजे दहा हजार आणि ‘केती’, म्हणजे आपली कोटी, फक्त एक लाख. इराणात आपला करोड पोचला तो ‘करूर’ होऊन, आणि तिथे त्याची किंमत ठरली पाच लाख. १८२८च्या तुर्कमंचायच्या तहात इराणने रशियाला दहा करूर तोमान द्यायचं कबूल केलं. आपल्या हिशेबाने वाचाल तर दहा कोटी. प्रत्यक्षात ते पन्नास लाख होते.

‘पाश्चात्त्यांना हजाराच्या पुढे मोजता येत नव्हतं.’ रोमन लोकांची पंचाईत होती, हे मान्य. दहा लाखांना ते ‘दहा वेळा शंभर हजार’ म्हणत. पण ग्रीकांकडे दहा हजारांसाठी वेगळा शब्द होता, आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने त्याच शब्दावर मजले चढवून अख्खं विश्व भरायला वाळूचे किती कण लागतील याचा अंदाज मांडला. एकावर ६३ शून्यं. आपला परार्ध त्यापुढे लहानच.

‘मिलियन-बिलियन जगभर एकसारखं.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने जर्मन वर्तमानपत्र कधी हातात धरलं नसावं. १४८४मध्ये निकोला शुके या फ्रेंच गणित्याने बिलियन, ट्रिलियन ही नावं मांडली ती मिलियनच्या पटीत: बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, आपल्या भाषेत एक लाख कोटी. पुढे फ्रान्समध्येच काहींनी बिलियन हजार मिलियनवर आणून ठेवला. अमेरिकेने तो उचलला. फ्रान्सने १९६१मध्ये अधिकृतपणे जुना मोठा बिलियन परत घेतला, आणि ज्या ब्रिटनने तो मोठा बिलियन जपला होता त्याचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी डिसेंबर १९७४मध्ये संसदेत सांगून टाकलं की सरकार यापुढे बिलियन म्हणजे हजार मिलियन असंच धरणार. दोन शेजाऱ्यांनी घरं बदलावीत तसं झालं. त्यामुळे त्याआधीचं ब्रिटिश पुस्तक वाचताना बिलियन दिसला की थबकावं लागतं.

जर्मनीत आजही शंभर कोटींना ‘मिलियार्ड’ म्हणतात आणि लाख कोटींना बिलियन. १९२३च्या महागाईत तिथे एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. पुढे जी सर्वांत मोठी नोट निघाली तिच्यावर ‘शंभर बिलियन मार्क’ छापलं होतं. २००९मध्ये झिम्बाब्वेच्या नोटेवर इंग्रजीत आलं ‘शंभर ट्रिलियन डॉलर’. दोन्ही आकड्यांत शून्यं चौदाच. एकाच भाषेतही एकमत नाही: पोर्तुगालमध्ये शंभर कोटींना ‘हजार मिलियन’ म्हणतात, ब्राझीलमध्ये बिलियन.

‘लाख-कोटी फक्त भारतात.’ नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान यांना विचारा. म्यानमारच्या आणि थायलंडच्या भाषांतही लाखाला स्वतंत्र शब्द आहे. आणि चीन-जपान तर तीन-तीन शून्यांच्या गटात मोजतच नाहीत. त्यांचा गट चार शून्यांचा: दहा हजार, मग दहा कोटी, मग लाख कोटी. तेव्हा जग एकीकडे आणि आपण एकटे दुसरीकडे, या चित्रात काही अर्थ नाही.

एक कबुलीही देऊन टाकतो. मला लाख-कोटी प्रिय आहेत, आणि मराठी बातमीत ‘दोन मिलियन लोक’ वाचलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. पण परार्धाचा अभिमान मिरवणारे आपण अर्थसंकल्प वाचतो तो ‘लाख कोटी’त. खर्व-निखर्व कुणी बोलत नाही, आणि हे काही इंग्रजांनी आपल्याकडून हिसकावून घेतलेलं नाही.

आणि मामा, संदेशाच्या तळाशी ‘ज्ञानात भर’ म्हणून जे कोष्टक दिलंय, त्यात १ बिलियन = १० कोटी असं लिहिलंय. एक शून्य कमी पडलंय. पुढे पाठवणारच असाल तर तेवढं १०० कोटी करून पाठवा.