लाकडं फोडणं, मजुरी आणि कंबर: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. लाकडं फोडणं हा चांगला व्यायाम आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की पोटासाठी लाकडं फोडणाऱ्यांच्या कंबरा लवकर जातात आणि मी त्याच मजुरीला व्यायाम म्हणतोय. वर सोलापूरच्या उन्हात हे सुचवणं म्हणजे लोकांना दवाखान्यात धाडणं.

मजुरीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. वखारीत दिवसभर घण घालणाऱ्याला अंग दुखलं म्हणून थांबता येत नाही. मी अर्ध्या तासाने कुऱ्हाड ठेवतो, दुसऱ्या दिवशी हातही लावत नाही. घाव तोच, पण मधे विश्रांती मिळाली तर स्नायू कमावला जातो, नाही मिळाली तर शरीर झिजतं. म्हणून त्यांचे कष्ट आणि माझा व्यायाम मी एका पारड्यात घालत नाही.

कंबरेबद्दल मात्र सविस्तर सांगतो. ती धरते वाकून घाव घातल्याने. ओंडका जमिनीवर नको, गुडघ्याहून थोड्या कमी उंचीच्या ठोकळ्यावर उभा करायचा. पाय खांद्याइतके फाकवायचे. कुऱ्हाड खाली येताना पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत बसायचं, म्हणजे जोर मांड्यांतून येतो आणि नेम चुकला तरी पातं नडगीवर न येता ठोकळ्यात रुततं. वरचा हात दांड्यावरून खालच्या हाताकडे सरकू द्यायचा. मधेच हातांची अदलाबदल करायची, नाहीतर एकच बाजू भरते. पायात बूट हवेत, चप्पल नको.

लाकूडही वाचावं लागतं. बाभूळ इतकी चिवट की बैलगाडीची चाकं तिचीच करायचे. तिच्या मधोमध घाव घालून उपयोग नाही. वाळताना टोकाला पडलेली चीर शोधायची, कडेने ढलप्या काढायच्या, गाठ आली की पाचर ठोकायची. जिममध्ये मला हे डोकं कधी चालवावं लागलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते, आणि रोज फिरायला जाणारे आपल्यातले कितीतरी जण नेमका तोच करत नाहीत.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असताना मी कुऱ्हाड बाहेरच काढत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास पहाटे हवा गार असते, तेव्हा वर्षभराच्या बंबाचं जळण फोडून ठेवतो. तेही बांधावरच्या वेड्या बाभळीचं. त्यासाठी आंबा-चिंचेला हात लावत नाही.

तुम्हाला मणक्याचा त्रास आहे असं लिहिलंत. मग काका, तुम्ही कुऱ्हाड उचलूच नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.